कोकणचा समुद्र: छापचित्र, जलरंग आणि मातीकाम

ताम्हिणी घाट उतरून दिवेआगरला किंवा हरिहरेश्वरला गेल्यावर पुणेकराला जो समुद्र दिसतो, तो क्वचितच निळाशार असतो. खाड्यांतून येणाऱ्या गाळामुळे किनाऱ्याजवळचे पाणी बहुधा हिरवट-राखाडी दिसते आणि पावसाळ्यात मातकट होते. म्हणून केवळ छायाचित्रांवर विसंबून न राहता ओली वाळू, फेसाखालची सावली आणि क्षितिजाजवळची पट्टी यांच्या रंगांची नोंद किनाऱ्यावरच वहीत करून ठेवावी. अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) हे रंग कमी-अधिक प्रमाणात मिसळल्यास यांपैकी बहुतेक राखाडी छटा मिळतात. ट्यूबमधला निळा जसाच्या तसा वापरणे टाळावे.

लाटेसाठी मला सर्वांत योग्य वाटणारे माध्यम म्हणजे लिनोकट, म्हणजे लिनो (लिनोलियम) या मऊ पत्र्यावर चित्र कोरून त्याचा छाप घेणे. यात जे कोरून काढले जाते ते पांढरे राहते आणि जे शिल्लक राहते त्यावर शाई बसते. म्हणजेच पाणी न कोरता फेस कोरायचा असतो. होकुसाई या जपानी चित्रकाराने १८३१च्या सुमारास लाकडी ठशांवरून छापलेली प्रसिद्ध महालाट या दृष्टीने नीट पाहावी, कारण तिच्या फेसातला पांढरा रंग हा कागदाचाच पांढरेपणा आहे. छापात चित्र उलटे उमटत असल्यामुळे रेखाटन ट्रेसिंग पेपरवर करून तो उलटा ठेवावा आणि मगच लिनोवर उतरवावे, अन्यथा लाट विरुद्ध दिशेला फुटेल. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या थंडीने लिनो कडक होतो. तो थोडा वेळ उन्हात ठेवला की हत्यार सहज चालते. कोरताना लिनो धरणारा हात नेहमी हत्याराच्या मागे असावा. रोलरने शाईचा पातळ थर द्यावा, त्यावर कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून कडांकडे घासत जावे, आणि कागद पूर्ण उचलण्याआधी एक कोपरा उघडून शाई सगळीकडे उतरली आहे का, हे तपासावे. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद यासाठी चांगला, मात्र जाड कागद आधी किंचित ओलसर करून घ्यावा.

माशाचा थेट ठसा घेण्याची जपानी पद्धतही करून पाहण्यासारखी आहे. गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून तांबोशीसारखा ठळक खवल्यांचा मासा घ्यावा आणि पोट फाडू नका, खवले काढू नका, असे विक्रेत्याला आधीच सांगावे. मासा धुऊन, बुळबुळीतपणा जाईपर्यंत पुसून, पंख टाचण्यांनी थर्माकोलवर पसरवून ठेवावेत. मग अगदी पातळ शाई लावून मऊ कागद बोटांनी हळूहळू दाबावा. डोळा नंतर ब्रशने काढावा.

जलरंगात फेसाचा पोत आणण्यासाठी ओल्या रंगावर खडेमीठ टाकतात. रंगाची चमक मावळू लागण्याचा क्षण साधावा लागतो, आणि एप्रिल-मे महिन्यांतल्या पुण्याच्या कोरड्या हवेत तो फार लवकर निघून जातो. अशा वेळी ३०० जीएसएमचा (प्रति चौरस मीटर ३०० ग्रॅम वजनाचा) कागद मागच्या बाजूनेही ओला करून घ्यावा.

मातीकामात शिंपल्यांचा मोह सांभाळावा. शिंपला मातीत रुतवून तसाच भाजला, तर त्यातील कॅल्शियम कार्बोनेटचा चुना होतो, तो पुढे हवेतील ओलावा शोषून फुगतो आणि भांड्याला तडे जातात. म्हणून शिंपल्यावर टाल्कम पावडर भुरभुरवून, अर्ध्या बोटाएवढ्या जाड मातीच्या थापीवर त्याचा ठसा उमटवावा आणि शिंपला काढून घ्यावा. ठशाच्या खोलगट भागात पारदर्शक रंगीत ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) साचून गडद होते, त्यामुळे रंग वेगळा भरावा लागत नाही. निळ्यासाठी ग्लेझमध्ये कोबाल्ट ऑक्साइड अत्यल्प, १ टक्क्यापर्यंतच पुरते. कोकणच्या हिरवट पाण्यासाठी त्यात थोडे लोह ऑक्साइड मिसळून आधी चाचणीच्या तुकड्यावर भाजून पाहावे. या भुकट्या हाताळताना मास्क लावावा.