ऑनलाइन सेलमध्ये खरेदी करताना टक्के नाही, एकूण खर्च बघा

‘७० टक्के सूट’ बहुतेक वेळा एमआरपीवरून मोजलेली असते आणि एमआरपीला ती वस्तू एरवीही क्वचितच विकली जाते. म्हणून वस्तू घरात येईपर्यंत खिशातून एकूण किती जाणार, तेवढंच बघायचं.

सेलच्या दोन-तीन आठवडे आधी हवी ती वस्तू कार्टमध्ये टाका आणि त्या दिवशीच्या किमतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. सेलमधला भाव त्याच्याशी ताडून बघा. मॉडेल नंबर पूर्ण टिपून घ्या. टीव्ही-वॉशिंग मशीनच्या नंबरातलं शेवटचं एक अक्षर बदललं, तरी वस्तू वेगळी निघू शकते.

किराण्यात मोठं पॅक स्वस्तच, असं धरून चालू नका. डिटर्जंटचं २ किलोचं पाकीट २९० ला आणि ४ किलोचं ६०० ला असेल, तर लहान पाकीट किलोमागे ५ रुपयांनी स्वस्त पडतं.

आता ऑफर. वस्तूच्या पानावर कूपनचा चौकोन असेल तर त्यावर टिक करा, नाहीतर ती सूट लागतच नाही. बँकेच्या ऑफरमध्ये ‘कमाल’ हा शब्द शोधा. ‘१० टक्के, कमाल १,५०० रुपये’ असेल, तर ४०,००० च्या फ्रिजवर सूट पावणेचार टक्केच मिळते.

सगळ्यात जास्त फसगत ‘नो-कॉस्ट ईएमआय’मध्ये, म्हणजे बिनव्याजी म्हणून दाखवलेल्या हप्त्यांमध्ये होते. यात बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम सुरुवातीला किमतीतून वजा करून दाखवतात. समजा ३०,००० चा फोन क्रेडिट कार्डावर सहा हप्त्यांत, वार्षिक १५ टक्के व्याजदराने घेतला. व्याज साधारण १,२७० रुपये होतं. ते वजा झालं, तरी त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २२९ रुपये, तुमच्याच माथी. त्यात १९९ रुपये प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी धरला, तर फोन जवळजवळ ४६४ रुपयांनी महाग पडला. शिवाय एकरकमी पैसे भरणाऱ्याला मिळणारी बँकेची सूट काही वेळा ईएमआयवाल्याला मिळत नाही. रोख सोय असेल तर एकरकमीच भरा.

पैसे भरण्याआधी बिलाची एकेक ओळ वाचा: डिलिव्हरी, हँडलिंग, कॅश ऑन डिलिव्हरीची फी. विमा किंवा देणगी आपोआप जोडलेली दिसली तर काढून टाका. ग्राहकाच्या संमतीशिवाय असं काही कार्टमध्ये घालणं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणारी क्लृप्ती, ठरवलं आहे. विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

वस्तूखाली ‘पैसे परत’ लिहिलंय की नुसतं ‘बदलून मिळेल’, तेही आधीच बघा. महागडी वस्तू असेल तर पार्सलवरचं लेबल स्पष्ट दिसेल असं धरून, सील फोडण्यापासून सलग व्हिडिओ काढा. मध्ये थांबवून पुन्हा सुरू केलेला व्हिडिओ वादाच्या वेळी कमजोर पडतो.