पहिली रोड बाइक घेण्याआधी पाय मोजा

सूट दिसली की साइज न बघता सायकल घेतली जाते आणि महिन्याभरात मान-कंबर धरते. त्यासाठी घरीच हे करा.

१. अनवाणी, भिंतीला पाठ टेकून उभे राहा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांच्या मध्ये, सीटसारखं वर दाबून धरा.
२. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं माप दुसऱ्याला घ्यायला सांगा.
३. त्याला ०.६७ ने गुणा. माप ८० सेंटिमीटर आलं तर फ्रेम साधारण ५४ ची. हा अंदाजच, कंपनीचा तक्ता बघा आणि चालवून पाहा. ब्रेकच्या मुठींवर हात ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं.

टायर २८ मिमी रुंदीचा बसतो का, हे आवर्जून विचारा. सोलापुरात होटगी रोड, विजापूर रोडला कडेच्या खडीवर २३ चा टायर फार हादरे देतो.

आणखी एक. रोड बाइकला बहुधा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, पंक्चरवाल्याचा नेहमीचा पंप त्याला लागत नाही. बोटाच्या पेराएवढा पितळी अडॅप्टर सायकलसोबतच घ्या, सीटखालच्या पिशवीत ठेवा.

जपायचं एवढंच: फ्रेम मोठी निघाली तर सीट खाली करून भागत नाही, हँडल लांबच राहतं.