पुराखाली गेलेली धानशेती रडारच्या चित्रावरून कशी मोजावी

वैनगंगेला पूर येतो तेव्हा आभाळ भरलेलंच असतं. साध्या उपग्रहचित्रात नुसते ढग दिसतात आणि ढग विरेपर्यंत पाणी ओसरलेलं असतं. रडारचा उपग्रह स्वतःच लहरी सोडतो आणि परत आलेल्या टिपतो, त्यामुळे त्याला ना उजेड लागतो ना मोकळं आभाळ. युरोपच्या सेंटिनेल-१ ची लहर सुमारे ५.५ सेंटिमीटरची. ती तिरपी पडते, संथ पाण्यावरून पलीकडे निसटते, उपग्रहाकडे जवळपास काहीच येत नाही. म्हणून पाणी काळं दिसतं.

पण झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, ‘काळं म्हणजे पूर’ धरलं की फसगत ठरलेली. रोवणीत (धानाच्या लावणीत) प्रत्येक बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, पाण्याने भरलेली असते. शिवाय मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, आहेतच. एका चित्रावर विसंबू नका, पुराआधीचं आणि पुरातलं अशा दोन चित्रांतला फरक मोजा.

चित्रं कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या संकेतस्थळावर खातं उघडून फुकट मिळतात. सेंटिनेल-१, आयडब्ल्यू मोड, जीआरडी प्रकार निवडा. दोन्ही चित्रांचा सापेक्ष कक्षा क्रमांक (रिलेटिव्ह ऑर्बिट) एकच हवा. तो वेगळा असेल तर लहरीचा कोन बदलतो आणि शेतात काहीही न घडता फरक दिसतो. एक उपग्रह त्याच कक्षेत १२ दिवसांनी परततो, म्हणून आधीचं चित्र शक्यतो १२ किंवा २४ दिवसांपूर्वीचं घ्या. मे महिन्याचं घेऊ नका. तेव्हा बांध्या कोरड्या असतात आणि ऑगस्टशी तुलना केली की अख्खा तालुका बुडालेला निघतो. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते, तीत साडेपाच तास मिळवा. मग गोसीखुर्द धरणाचा विसर्ग कधी वाढला त्याच्याशी ताडून पाहा. पुराचा माथा दोन फेऱ्यांच्या मधे येऊन गेला, तर चित्रात पाणी दिसणार नाही. त्याचा अर्थ पूर आलाच नाही असा नव्हे.

पुढचं काम स्नॅप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. संगणकाला १६ जीबी रॅम असावी. दोन्ही चित्रांवर याच क्रमाने: अप्लाय ऑर्बिट फाइल, थर्मल नॉइज रिमूव्हल, सबसेट (फक्त आपला तालुका कापून घ्या, नाहीतर रात्र जाईल), कॅलिब्रेशन करून सिग्मा-शून्य (परतलेल्या लहरीची ताकद), ५×५ पिक्सेलची ली स्पेकल गाळणी (रडारचा दाणेदारपणा कमी करणारी), टेरेन करेक्शन आणि शेवटी डेसिबलमध्ये रूपांतर. डेसिबल आधी करू नका. गाळणी सरासरी काढते आणि ती सरळ आकड्यांचीच बरोबर येते. अचूक कक्षेची फाइल सुमारे २० दिवसांनी येते. ताज्या चित्राला तात्पुरती निवडा, तीही पुरते. टेरेन करेक्शनमध्ये नकाशाचं प्रक्षेपण (प्रोजेक्शन) भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरसाठी यूटीएम ४४ उत्तर, अकोला-बुलढाण्याकडे ४३.

आता दोन्ही चित्रं कोलोकेशनने एका जाळीवर आणा. बँड मॅथ्समध्ये दोन अटी एकत्र घाला: पुरातलं मूल्य आधीच्यापेक्षा ३ डेसिबलने तरी घसरलेलं, आणि ते स्वतःही उंबरठ्याखाली. व्हीव्ही पट्ट्यात (उभी लहर सोडून उभीच टिपलेली) हा उंबरठा बहुधा उणे १५ ते उणे २० डेसिबलच्या दरम्यान पडतो. दुसऱ्याच्या नकाशातला आकडा उचलू नका; आपल्या चित्राचा हिस्टोग्राम (कोणत्या मूल्याचे किती पिक्सेल याचा आलेख) काढा, दोन उंचवट्यांमधली दरी जिथे असेल तो घ्या. उंचवटा एकच दिसला, तर निम्मं पाणी आणि निम्मी जमीन येईल असा तुकडा कापून पुन्हा पाहा.

तरीही काही जागा चुकतात. वाऱ्याने लाटा उठल्या की पाणी उजळतं आणि पूर कमी भरतो. अशा वेळी व्हीएच पट्टाही (उभी सोडून आडवी टिपलेली लहर) तपासा. उभ्या पिकाखाली पाणी असेल तर लहर पाण्यावरून पिकाच्या धांड्यावर (खोडावर) आपटून परत येते आणि शेत उलट जास्त चकाकतं. दाट पिकाखालचं पाणी या लहरीला फारसं दिसतही नाही. ३० जुलै २०२५ ला सोडलेल्या निसार या रडार उपग्रहाची एल-बँडची सुमारे २४ सेंटिमीटरची लहर तिथे अधिक खोल जाते. मेळघाटात डोंगराची रडार-सावली पाण्यासारखीच काळी, म्हणून तीव्र उताराचा भाग आधीच वगळा. आणि रोवणीमुळे आधीच भरलेली बांधी पुरात गेली तर घसरण दिसतच नाही. तिथे रडार निर्णय देत नाही. नदीकाठच्या अशा बांध्या वेगळ्या रंगात दाखवा, पुरात मिळवू नका.

क्षेत्रफळाचा हिशेब सोपा. एक पिक्सेल १०×१० मीटर, म्हणजे सातबाऱ्यावरचा एक आर. एकराला सुमारे ४०. मात्र खरी स्पष्टता २० मीटरच्या आसपास असल्याने पाच-दहा आरच्या तुकड्याचा आकडा छातीठोकपणे सांगू नये. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये सीव्ह (चाळणी) चालवून दहा पिक्सेलपेक्षा लहान ठिपके काढून टाका, मग गटनिहाय बेरीज करा.

पंचनामा तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) हेच करतात, नकाशा त्यांना कुठे जायचं ते दाखवतो. म्हणून कागदावर चित्राची तारीख, भारतीय वेळ, कक्षा क्रमांक आणि वापरलेला उंबरठा लिहा. काठावरचे काही गट चिखलाची खूण पाहून तपासा: बांधावर, झाडाच्या बुंध्यावर, गोठ्याच्या भिंतीवर.