आदिवासी कोण हे कोर्ट कसं ठरवतं? निकाल वाचायची पद्धत

असा निकाल हातात आला की बरेच जण डायरेक्ट शेवटचं पान उघडतात, कोण जिंकलं बघायला. तसं नका करू. आधी भांडण नेमकं कशाचं होतं ते शोधा, शिकारीचं, जमिनीचं, हद्दपारीचं की राखीव जागेचं, कारण "आदिवासी कोण" याची कसोटी त्या हक्काप्रमाणे बदलते आणि सगळीकडे चालेल अशी एकच व्याख्या शोधत बसलात तर डोकं फिरेल.

मग कसोटीचे मुद्दे सुटे करून लिहा. कॅनडातल्या 2003 च्या पाउली केसमध्ये (मेटी म्हणजे आदिवासी आणि युरोपियन अशा मिश्र वंशातून तयार झालेला समाज; परवान्याशिवाय मूस, म्हणजे मोठं हरीण, मारलेलं) सुप्रीम कोर्टाने तीन गोष्टी बघितल्या: माणूस स्वतःला मेटी म्हणवतो का, जुन्या मेटी समाजाशी पूर्वजांचं नातं आहे का, आजचा समाज त्याला आपला मानतो का. रक्त किती टक्के, ही अट नाहीच. ऑस्ट्रेलियात माबो निकालातली (1992, जमिनीचा हक्क) कसोटी जवळपास हीच, पण 2020 ला लव्ह केसमध्ये ती हद्दपारीच्या भांडणात लागली आणि 4 विरुद्ध 3 ने ठरलं की नागरिकत्व नसलं तरी अ‍ॅबोरिजिनल (तिथल्या मूळ आदिवासी) माणसाला परका धरता येत नाही.

प्रथा कोणत्या काळापासूनची दाखवायची ती तारीख तर बघाच, इथे केस पडतात. कॅनडातल्याच 1996 च्या व्हॅन डर पीट केसमध्ये एका आदिवासी बाईंनी 10 सॅल्मन मासे 50 डॉलरला विकले होते, कोर्ट म्हणालं युरोपियन यायच्या आधी असा व्यापार तुमच्या संस्कृतीचा गाभा नव्हता, झालं, हरल्या. मेटी समाज तर तयारच झाला युरोपियन आल्यावर, म्हणून पाउलीत ती तारखेची रेघ पुढे सरकवून युरोपियनांचा खरा ताबा बसला तिथे आणली. मला हे प्रकरण पटत नाही, बाकी सगळ्यांनी बदलायचं आणि हक्क हवा तर आदिवासींनी मात्र जुनंच दाखवायचं!

आपल्याकडे वेगळंच. राज्यघटनेच्या कलम 342 खालची अनुसूचित जमातींची यादी ठरलेली, कोर्ट त्यात नवीन जमात घालू शकत नाही (मिलिंद केस, 2000), त्यामुळे वाद एवढाच उरतो की हा माणूस यादीतल्या त्या जमातीचा आहे का. देव, रीतिरिवाज, बोली विचारून आप्तभाव चाचणी घेतात, पण 2023 ला ठाकूर जमातीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की एकट्या तिच्यावर दावा ठरत नाही, 1950 आधीच्या कागदांना वजन सगळ्यात जास्त. म्हणून आपल्या केसेस वाचताना आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर कोर्ट काय म्हणालं तो परिच्छेद आधी गाठा.