जर्मनीतलं सेवावर्ष: करारावर सही करण्याआधी काय बघायचं

बारावीनंतर किंवा पदवीनंतर एक वर्ष परदेशात रुग्णसेवा करायची असेल, तर पैसे भरून दोन आठवडे आफ्रिकेतल्या इस्पितळात 'अनुभव' घ्यायला जाऊ नका. ज्याला शिक्षण नाही त्याने टाके घालायला पुढे होणं हा तिथल्या रुग्णावर अन्याय आहे. जर्मनीत या कामाला कायद्याची चौकट आहे. एफएसजे, म्हणजे स्वयंसेवी सामाजिक वर्ष, याचा पहिला कायदा १९६४ चा. बीएफडी, म्हणजे केंद्रीय स्वयंसेवी सेवा, ही सरकारी योजना २०११ मध्ये आली. सक्तीची लष्करसेवा स्थगित झाली आणि तिच्या बदल्यात इस्पितळांत, वृद्धाश्रमांत काम करणारी मुलं येईनाशी झाली, म्हणून. एफएसजे २७ वर्षांच्या आतल्यांसाठी, बीएफडीला वरची वयोमर्यादा नाही. दोन्ही साधारण १२ महिन्यांची.

जीएनएम किंवा बीएससी नर्सिंग झालेल्यांनी मात्र हा रस्ता धरू नये. तुमच्या शिक्षणाला तिथे मान्यता मिळवता येते आणि परिचारिकेच्या पगारावर काम मिळतं. खिशाच्या खर्चापुरत्या पैशांवर वर्ष का घालवायचं?

जर्मन भाषा बी१ पातळीपर्यंत शिका. त्याखालच्या ए२ पातळीवर घेणाऱ्या संस्था आहेत, पण जेवण भरवताना आजीबाई त्यांच्या बोलीत काय म्हणतात ते ए२ वर कळत नाही, आणि घास अडकतोय हे कळलंच पाहिजे.

अर्ज थेट संस्थेकडे करा: जर्मन रेड क्रॉस, कारितास, डियाकोनी, आवो. अर्जाला पैसे लागत नाहीत. लाखांत फी सांगणारा एजंट तेच फॉर्म भरतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रुजू व्हायचं तर आदल्या दिवाळीपर्यंत अर्ज गेलेले हवेत. पत्रात 'मला समाजसेवेची आवड आहे' हे वाक्य नको. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना कुशीवर वळवलं असेल, चादरी बदलल्या असतील, तर ते लिहा. पत्र वाचणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

आता करार. मला सगळ्यात जड गेलेला टप्पा हाच, आणि मुलं सर्वात जास्त घाई इथेच करतात. निवड झाल्याचा ईमेल आला की घरात पेढे वाटले जातात आणि करार न वाचता सही होते.

पहिला प्रश्न राहण्याचा. खोली देणं संस्थेवर बंधनकारक नाही. खिशाच्या खर्चाला कायद्याने कमाल मर्यादा आहे, २०२५ साली महिना ६४४ युरो, आणि बहुतेक ठिकाणी त्याहून कमीच मिळतात. एवढ्यात म्युनिक किंवा फ्रँकफर्टमध्ये भाडं भरून जेवायचं कसं? 'तिथे गेल्यावर मिळेल खोली' असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. कर्मचारी वसतिगृहातली खोली मिळणार का, भाडं कोण भरणार, सुट्टीच्या दिवशी जेवणाचं काय, हे लेखी मागा. राहणं-जेवण आणि मिळणारी रक्कम यांत भागत नसेल, तर व्हिसासाठी स्वतःचे पैसे दाखवावे लागतात. म्हणून मी सगळ्यांना थुरिंगिया, सॅक्सनी या राज्यांतली लहान गावं सुचवते. मोठ्या शहराचा हट्ट धरणाऱ्यांना माझा सल्ला एकच: आधी खोलीचा कागद दाखवा.

दुसरा प्रश्न कामाचा. स्वयंसेवक मदतनीस असतो. पगारी माणसाची जागा त्याने भरायची नाही, असा कायदाच आहे. जेवण भरवणं, अंथरूण घालणं, तपासणीला सोबत जाणं, शिकवल्यावर अंघोळीला हात देणं ही तुमची कामं. इंजेक्शन आणि औषधांच्या गोळ्या लावून ठेवणं तुमचं काम नाही. रात्रपाळीत एकट्यावर मजला सोपवणं तर मुळीच चालायचं नाही. असं होऊ लागलं तर गप्प बसू नका, कारण चूक झाली तर भोगणार रुग्ण. तुमच्यासाठी नेमलेल्या मार्गदर्शकाला सांगा आणि जिच्याकडे अर्ज केला होता त्या मूळ संस्थेला त्याच दिवशी लिहा. आपल्याकडची मुलं 'मोठ्यांना कसं नाही म्हणायचं' म्हणून महिनोन्‌महिने सोसतात, ते बघून मला फार वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट सह्यांची. बीएफडीचा करार जर्मन सरकारशी होतो, म्हणून कोलोनच्या सरकारी कार्यालयाची मंजुरी येईपर्यंत तो पूर्ण नाही. त्यात काही आठवडे जातात, तोवर विमानाचं तिकीट काढू नका. वर्षाला २५ शिबिरदिवस (शिकण्याचे दिवस) आणि आरोग्यविमा करारात आहे ना, तेही बघा. शिबिराचे दिवस कामाचेच धरले जातात, ते रजेतून कापू देऊ नका.

व्हिसाची कागदपत्रं जर्मन वकिलातीच्या यादीप्रमाणे लावा.

इस्पितळात किंवा बालवाडीत जाणार असाल तर गोवराच्या दोन डोसांचा पुरावा लागतो. आपल्या सरकारी लसीकरणात दुसरा डोस २०१० पासून आला, त्यामुळे अनेकांच्या कार्डावर एकच नोंद असते. निघण्याआधी दुसरा घेऊन टाका.

पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करा. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद पहिल्याच दिवशी मागून ठेवा.

तिथेच पुढे नर्सिंग शिकायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच अर्ज करा. शेवटच्या महिन्यात कामाचं सविस्तर प्रमाणपत्र मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. नुसत्या हजेरीच्या दाखल्यावर सही करून परत येऊ नका.