इनामाच्या कागदांतून घराण्याचा माग : बेळगाव सीमाभागासाठी

आडनाव धरून शोधायला बसू नका. एकाच घराण्यातला एक भाऊ गावात पाटील म्हणून राहतो, दुसरा शेजारच्या तालुक्यात जाऊन मूळ गावाचे नाव लावतो, तिसऱ्याच्या वंशजांना लोक देसाई म्हणू लागतात. जमीन मात्र जागची हलत नाही. म्हणून गाव आणि सर्व्हे नंबर धरायचा आणि आजच्या उताऱ्यापासून एकेक नोंद मागे जायचे.

आधी आजचा उतारा

नाडकचेरीतून किंवा कर्नाटकाच्या जमीन-नोंदींच्या ‘भूमी’ संकेतस्थळावरून जमिनीची पहाणी, म्हणजे आजचा उतारा काढा. हिश्श्यासह सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार (सारा) आणि मालकाच्या नावाशेजारचा मुटेशन (फेरफार) नंबर वहीत उतरवून घ्या. यातला मुटेशन नंबर सर्वांत मोलाचा. तो देऊन मामलेदार कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करा. वारसाच्या नोंदीत आधीचा मालक कोण, तो कधी वारला, मागे कोण राहिले हे लिहिलेले असते. मग त्या आधीच्या मालकाच्या नावावर जमीन कोणत्या नोंदीने आली ते शोधायचे. असे करत हक्कपत्रकाच्या, म्हणजे जमिनीवर कोणाचा काय हक्क याच्या सरकारी नोंदवहीच्या, पहिल्या नोंदींपर्यंत पोचता येते. मुंबई इलाख्यात हक्कपत्रकाचा कायदा १९०३ चा, त्यामुळे तीन-चार पिढ्या याच वाटेने हाती लागतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत मुली आणि विधवाही वारस म्हणून दिसू लागतात. त्याआधी मुलींची नावे क्वचितच सापडतात, म्हणून आत्या-पणज्यांची नावे घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आधीच लिहून घ्या.

इथे तीन ठिकाणी काम अडते. पहिले, उताऱ्यावरचा आर. एस. नंबर हा फेरमोजणीचा असतो. जुन्या कागदात त्याच शेताला वेगळा नंबर असू शकतो, म्हणून जुना आणि नवा असे दोन्ही नंबर आकारबंदाशी (मोजणी खात्याच्या क्षेत्र-साऱ्याच्या नोंदीशी) ताडून घ्या. दुसरे, जोडगावे. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द यांची गफलत झाली तर भलत्याच घराण्याची वंशावळ तुमच्या वहीत येईल. तिसरे, तालुके फुटले आहेत. निपाणी चिकोडीतून निघाला, कागवाड अथणीतून, मूडलगी गोकाकातून. नव्या तालुक्याला जुना कागद मिळाला नाही तर तो नष्ट झाला असे मानू नका, मूळ तालुक्यात अर्ज द्या. चंदगड तर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता.

गाव कोणाच्या अमलात होते?

हा प्रश्न सुटल्याशिवाय मागचे दप्तर सापडत नाही. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर हा मुलूख आधी धारवाडच्या कलेक्टरकडे होता. बेळगाव जिल्हा वेगळा झाला तो १८३६ मध्ये. पण सगळी गावे इंग्रजी अमलात नव्हती. बेळगावला चिकटलेले शहापूर सांगली संस्थानात होते, रायबाग कोल्हापूरकडे, रामदुर्गाचे स्वतःचे संस्थान. ही संस्थाने १९४८-४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. खालसा, म्हणजे थेट इंग्रजी अमलातल्या गावाच्या इनामाचे कागद पुणे पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या पेशवे दप्तरात शोधायचे. कोल्हापूर संस्थानातल्या गावासाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार. जाताना ओळखपत्र घ्या, आणि गाव, तर्फ, परगणा, इनामाचा प्रकार आणि अंदाजे साल एका कागदावर लिहून न्या. ‘आमच्या घराण्याचे काही आहे का’ असे विचारून काही मिळत नाही. तिथे कागद रुमालात बांधलेले असतात आणि रुमाल मागायचा तो गावावरून.

इनाम कोणते ते ओळखा

वैयक्तिक इनाम, देवस्थान, देशमुख-देशपांडे वतन, पाटीलकी, कुलकर्णीपण आणि गावच्या चाकरीची इनामे (महार, तळवार, वालीकर, शेतसनदी) यांचे कागद वेगवेगळे. शेतसनदी म्हणजे हत्यारबंद चाकरीसाठी जमीन मिळालेले शिपाई. आपल्या भागातल्या बऱ्याच घरांचा मूळ पुरुष असा शिपाई होता. प्रकार ओळखायला इनाम रद्द झाल्याची नोंद कामी येते. परगणा (म्हणजे देशमुख-देशपांडे) आणि कुलकर्णी वतने १ मे १९५१ पासून रद्द झाली. वैयक्तिक इनामांचा कायदा १९५२ चा. पाटीलकी आणि गावचाकरीची वतने १९६१ च्या कायद्याने, १ फेब्रुवारी १९६३ पासून संपली. त्यानंतर जमीन पुन्हा वतनदारांच्या नावे करून देण्याचे जे हुकूम झाले, त्यांत सगळ्या हिस्सेदारांची नावे एकत्र सापडतात. ही नक्कल जरूर काढा.

कैफियत आणि तक्षीम

इंग्रजांनी इनामांची चौकशी १८४३ मध्ये याच दक्षिण मराठा मुलखात सुरू केली. १८५२ च्या कायद्याने तिला बळ मिळाले आणि १८६३ च्या कायद्यांनी बहुतेक इनामांचा निकाल लागला. या चौकशीत इनामदाराला कैफियत द्यावी लागे: मूळ इनाम कोणाला, कोणी, कधी दिले आणि तिथून ते आपल्यापर्यंत कसे आले. सोबत वंशावळ. वंशशोधाला याहून चांगला कागद नाही.

वंशावळ फाटली असली तरी तक्षीम वाचा. वतनाचा हिस्सा रुपया-आणे-पैत मांडलेला असतो. रुपया म्हणजे पूर्ण वतन, १६ आणे, १९२ पै. तुमच्या पूर्वजाची तक्षीम २ आणे ८ पै असेल तर त्या ३२ पै झाल्या, म्हणजे वतनाचा सहावा हिस्सा. बहुधा आधी तीन भाऊ, प्रत्येकी ५ आणे ४ पै, आणि मग त्यांतल्या एकाचे दोन मुलगे. इतर हिस्सेदारांच्या तक्षिमा बेरजेला लावून पाहा. बेरीज १६ आणे भरली नाही तर एखादी शाखा तुमच्या यादीतून सुटली आहे.

पण दाव्यासाठी काढलेली वंशावळ दावा जिंकण्यासाठी काढलेली असते. निपुत्रिक भाऊ गाळतात, दत्तक मुलगा औरस म्हणून दाखवतात. एका वंशावळीवर विसंबू नका. महजर (गावसभेपुढच्या निवाड्याचा कागद) किंवा दुसऱ्या शाखेची कैफियत मिळाली तर ती शेजारी ठेवा.

मोडी आणि सन

मोडीत शब्द सुटे नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही. आधी ठरावीक शब्द डोळ्यांत भरवा: मौजे, तर्फ, परगणे, बिन आणि वलद (अमक्याचा मुलगा), कोम (अमक्याची बायको). नावे त्यांच्या आसपासच असतात.

सन शुहूर, म्हणजे मराठी दप्तरातला अरबी शब्दांत लिहिलेला सन असेल तर त्या शब्दांची बेरीज करा. ‘सीत सितैन मया व अलफ’ म्हणजे ६, ६०, १०० आणि १०००, मिळून ११६६. मृग नक्षत्रापासून (जूनच्या सुमारापासून) डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. साल येते १७६५-६६. फसली या महसुली सनात याच हिशेबाने ५९० किंवा ५९१ मिळवायचे. शक मात्र चैत्रात बदलतो, म्हणून त्यात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून पुढच्या चैत्रापर्यंत ७९. शुहूर आणि फसली यांत नऊ वर्षांचे अंतर आहे. सन कोणता ते न पाहता बेरीज केली की मुलगा बापाच्या आधी जन्मतो.

घरी इनाम नसेल तर

बहुतेक घरे कुळांची, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांची. त्यांची नावे हक्कपत्रकातल्या इतर हक्कांच्या रकान्यात आणि पिकाच्या नोंदीत असतात. १९७४ च्या जमीन सुधारणेनंतर कुळांनी भरलेला फॉर्म नंबर ७ आणि लँड ट्रिब्युनलचा निकाल तालुक्याच्या ठिकाणी मागा. जमीन कधीपासून कसतो हे कुळाला तिथे सांगावे लागे, आणि ते सांगताना बापाचे, कधी आजाचे नाव कागदावर आलेले असते.