सातपुड्याच्या दरीत बिनवाटेने उतरताना या चुका टाळा

सातपुड्याच्या दऱ्यांत गट अडकतात ते बहुतेकदा उतारावर. दहा-बारा फुटांच्या कातळावरून घसरत खाली जाता येतं, पण पाठीवर पंधरा किलोची सॅक घेऊन तोच कातळ चढता येईलच असं नाही. तोरणमाळची सीताखाई असो की यावल अभयारण्यातला एखादा निनावी नाला, परत कसं फिरायचं हे आधी ठरवायचं, मग पुढचं. (अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय शिरू नका, मुक्काम तर नाहीच.)

किलोमीटर मोजणं

नकाशावर सहा किलोमीटर दिसले की दुपारपर्यंत बाहेर पडू असं वाटतं. धोंड्यांनी भरलेल्या नाळेत (दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या, उतरत्या घळीत) सॅकसह तासाला एक किलोमीटर झाला तरी खूप. वेली आणि काटेरी जाळ्या असल्या तर त्याच्याही निम्मा. शिवाय डिसेंबरात खोल घळीत साडेचार-पाचलाच अंधारून येतं.

मोजायचे ते टप्पे. इथला बहुतेक दगड बेसाल्ट, लाव्ह्याच्या थरावर थर. खालचा मऊ थर झिजला की वरचा कठीण थर तुटतो आणि उभा टप्पा तयार होतो. म्हणून एक टप्पा लागला की खाली आणखी असणार हे धरूनच चाला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटरच्या फरकाने असतात, तेव्हा १५ मीटरचा सरळ कडा दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो. उपग्रहचित्रात नाल्यावर आडवा काळा पट्टा दिसला, तर ती कड्याची सावली समजा. अरुंद घळीत फोनवरचं जीपीएसही बरंच चुकतं, कारण सिग्नल भिंतींवर आपटून येतो.

पाड्यावर चौकशी करताना ‘रस्ता आहे का?’ असं विचारलं तर ‘आहे’ असंच उत्तर येईल. ते खोटंही नसतं, त्यांच्या पायांना तो रस्ताच असतो. त्याऐवजी ‘गुरं कुठवर उतरतात?’ आणि ‘चैत्रात पाणी कुठे उरतं?’ हे विचारा. गुरं जिथे थांबतात, तिथून पुढे सॅकवाल्याला हात टेकावे लागतात.

खालचं न बघता दोर ओढून घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दोर खालून ओढून घेता यावा म्हणून झाडाभोवती दुहेरी करून उतरायचं तर १५ मीटरच्या टप्प्याला किमान ३५ मीटर दोर लागतो. शेवटचा गडी उतरून दोर ओढला की मागची वाट बंद. म्हणून आधी एकाने उतरावं, दोर वर बांधलेलाच ठेवावा आणि पुढच्या टप्प्याच्या काठापर्यंत जाऊन खोली बघून यावं. त्याच दोरावरून परत चढता यावं म्हणून ६ मिमी दोरीचे दोन प्रुसिक फास (दोरावर वर सरकतात, वजन पडलं की आवळतात) त्याच्याजवळ हवेतच. दोर १० ते ११ मिमीचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा, हवा. विहिरीची किंवा कपडे वाळवायची नायलॉन दोरी चालत नाही. दोरकाम शिकलेला माणूस गटात नसेल, तर दोर लागेल तिथूनच मागे फिरा.

दोर बांधायचं झाड मांडीएवढं जाड आणि जिवंत असावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग आणि सालई निष्पर्ण असतात, त्यामुळे मेलेलं झाड ओळखू येत नाही. नखाने साल खरवडा, आत हिरवं आणि ओलं दिसलं पाहिजे. पांढऱ्या खोडाचा कांडोळ भक्कम दिसतो, पण लाकूड मऊ, त्याच्यावर भरवसा नको.

सॅक पाठीवर ठेवून कातळ उतरू नका. ती दगडाला टेकते आणि माणसाला बाहेर ढकलते. वेगळ्या दोरीने आधी सॅक सोडा, त्या वेळी खाली कोणी उभं नको. डोहात उडी तर कधीच नको, पाण्याखालचा धोंडा दिसत नाही.

पाणी, मुक्काम, मोहोळ

माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरा. होळीनंतर बरेच नाले तुटतात, नुसते डोह उरतात. ते पाणी फडक्याने गाळून उकळा. क्लोरीनची गोळी टाकली तर अर्धा तास थांबा. जंगलात शेकोटी नको, स्टोव्ह न्या. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते, स्वयंपाकाचा निम्मा भार तिथेच कमी होतो.

नाल्यातली सपाट वाळू झोपायला मोहात पाडते. आधी दोन्ही काठांची झाडं बघा: फांद्यांत अडकलेला पालापाचोळा म्हणजे पुराची रेघ. तंबू तिच्या वर लावा आणि डोहापासून लांब, कारण रात्री तिथे अस्वल-बिबट्या पाण्याला येतात. डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी वरच्या पठारावर अवकाळी कोसळू शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या, की सामान सोडा आणि काठ चढा.

कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर आरडाओरडा, धूर, अत्तर काही नको. लांबून वळसा घाला. उठलंच, तर तोंड झाकून पळत राहा. पाण्यात बुडी मारून उपयोग नाही, माश्या वर घोंघावत थांबतात.

अडकलातच तर

घळीत फोन लागेल असं धरू नका. निघण्यापूर्वी पाड्यावर आणि घरी दोघांकडे मार्ग व परतीची वेळ लिहून द्या, आणि ‘या वेळेपर्यंत आलो नाही तर ११२ ला फोन करा’ हेही. रात्री उतरायचा प्रयत्न नको, आहात तिथेच उंचावर थांबा. साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अवयव न हलवता माणसाला उचलून न्या आणि प्रतिसर्पविष असलेलं रुग्णालय गाठा. ते सर्वांत जवळ कुठे आहे, याची चौकशी निघायच्या आदल्या दिवशीच करून ठेवा.